पाळी बिघडली म्हणून पिशवी काढायची? आधी कारण विचारा

दसरा जवळ आला की नांदूरघाट आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर एकाच वेळी दोन-तीन गोष्टींची गडबड सुरू होते. कुणी दीक्षाभूमीला जायची तयारी करतं, कुणी मुकादमाकडून उचल घेऊन घरातली देणी भागवतं. आणि टोळी निघायच्या आत दवाखान्याची कामं उरकून घेतली जातात. या दवाखान्याच्या कामांत एक काम असं आहे की ज्याबद्दल बायका दाढ काढल्यासारख्या सहज बोलतात. "पिशवी काढून टाकली," म्हणतात. वय विचारलं तर तीस, बत्तीस.

गेल्या काही वर्षांत आम्ही विहारात आणि वस्तीवर महिलांच्या बैठका घेतो. सुरुवातीला रेशन, घरकुल, मुलांची शाळा असे विषय निघतात. पाळीचा विषय बैठक संपल्यावर, चपला घालताना निघतो. अशाच एका बैठकीनंतर एक ताई थांबल्या. वय बत्तीस, दोन मुलं. तीन महिन्यांपासून अधूनमधून डाग दिसत होते. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. "पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल," असं सांगण्यात आलं. दिरांनी ऑपरेशनसाठी वाढीव उचल घ्यायची तयारी केली होती. तारीखही ठरली होती.

आम्ही डॉक्टर नाही. तरीही आम्ही त्यांना एक साधा प्रश्न विचारला: सध्या कुठली गोळी, इंजेक्शन चालू आहे का? ताई म्हणाल्या, "ते पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेतलंय ना, चार महिने झाले." ते 'अंतरा' होतं, सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं, तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन. हे इंजेक्शन सुरू केल्यावर पहिले काही महिने अवेळी डाग दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. ऑपरेशनची तारीख देईपर्यंत हा प्रश्न त्यांना कुणीही विचारला नव्हता.

त्या बैठकीपासून आम्ही ठरवलं की पाळी का बिघडते हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांना, मुलींना आणि मुलांनाही, नीट माहीत असलं पाहिजे. म्हणून हा लेख.

नियमित म्हणजे किती नियमित?

पाळी बरोबर अठ्ठावीस दिवसांनीच आली पाहिजे, हा समज चुकीचा आहे. रक्तस्राव सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. हे अंतर प्रौढ बाईत २१ ते ३५ दिवसांच्या दरम्यान असेल आणि रक्तस्राव आठवडाभराच्या आत थांबत असेल, तर काळजीचं कारण नसतं. एका महिन्यात २७ दिवस आणि पुढच्या महिन्यात ३१ दिवस झाले तर ती अनियमित पाळी नव्हे.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडून बीजकोषांना संदेश जातो. बीजकोषातून ईस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवतं आणि त्यामुळे गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होत जातं. मग बीज बाहेर पडतं, प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि ते अस्तराला धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि अस्तर सुटून बाहेर पडतं. तीच पाळी. आता एखाद्या महिन्यात बीजच बाहेर पडलं नाही तर धरून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तर नुसतं वाढत राहतं आणि कधीही, कसंही, तुकड्यातुकड्याने सुटतं. महिना-दोन महिने काहीच नाही, मग पंधरा दिवस थांबतच नाही, असं सांगणाऱ्या अनेक बायकांच्या बाबतीत हे घडत असतं. म्हणजे बिघाड संदेशाच्या साखळीत असतो, आणि दोष मात्र पिशवीला दिला जातो.

वयात आलेल्या मुलींमध्ये ही साखळी बसायला दोन-तीन वर्षं लागतात. त्या काळात पाळी दीड महिन्याने येणं, एखादा महिना चुकणं हे चालतं. आमच्याकडे यावर "लग्न झालं की सगळं जागेवर येईल" असा सल्ला देणारे नातेवाईक कमी नाहीत. बीडसारख्या बालविवाहांच्या जिल्ह्यात हा सल्ला किती महागात पडतो हे वेगळं सांगायला नको. मात्र मुलीला पहिल्या पाळ्यांपासूनच फार जास्त रक्त जात असेल, दात घासताना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, जखम झाल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, तर रक्त गोठण्याचा आजार आहे का हे तपासून घ्यायला हवं.

कारणं कोणती असू शकतात

लग्न झालेली, मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर सगळ्यात आधी एक गोष्ट तपासायची: गर्भ आहे का. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या किटवर काही मिनिटांत कळतं, आशाताईंकडेही किट असतं. पाळी चुकली, मग थोडे डाग दिसले आणि पोटात एका बाजूला दुखू लागलं, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली तर काही तासांत जीव जातो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे म्हणून हे होणारच नाही असं धरू नये. क्वचित का होईना, शस्त्रक्रियेनंतरही गर्भ राहतो आणि राहिला तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त असते. कुणालाही न विचारता गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या असतील आणि गर्भ पूर्ण पडला नसेल तरी कित्येक दिवस रक्त जात राहतं.

यानंतर औषधं. 'अंतरा'चं वर आलंच. 'छाया' ही गोळी घेणाऱ्या बायकांची पाळी लांबते. तांबीमुळे पहिले तीन ते सहा महिने जास्त रक्त जाणं, मध्येच डाग दिसणं होतं. रोजची गोळी घेताना एक-दोन दिवस विसरलं तरी डाग दिसतात. असुरक्षित संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी पुढची पाळी मागे-पुढे करते, आणि ती महिन्यातून दोन-तीनदा घेणाऱ्या मुलींना तर आपली पाळी कधी येणार हेच कळेनासं होतं. आणखी एक गोळी आमच्या भागात सर्रास चालते. पाळी पुढं ढकलायची गोळी. लग्न, जत्रा, परीक्षा आणि ऊसतोडीची निकड, प्रत्येक वेळी मेडिकलमधून परस्पर आणली जाते. ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो, कधी नेहमीपेक्षा जास्त. पुन्हा पुन्हा घेतली तर आपली खरी पाळी कोणती आणि गोळीने आणलेली कोणती, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. रक्त पातळ करणारी औषधं, फिट्सवरच्या आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्या यांचाही परिणाम होतो. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, असं आम्ही सांगतो.

थायरॉईड कमी-जास्त झालं की पाळी बिघडते. ते साध्या रक्ततपासणीत कळतं आणि गोळीने आटोक्यात येतं. पीसीओएसमध्ये बीज नियमित बाहेर पडत नाही. चेहऱ्यावर केस, मुरुमं, वजन वाढणं ही त्याची लक्षणं, पण बारीक मुलींनाही तो असतो. दुसऱ्या टोकाला आहे उपास आणि कष्ट. शरीराला मिळणारं अन्न आणि त्याच्याकडून घेतलं जाणारं काम यांचा मेळ बसला नाही तर मेंदू बीज तयार करायचा संदेशच थांबवतो. पहाटे तीन-चारला उठून फडात उतरणारी, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारी, भाकरी आणि चटणीवर दिवस काढणारी बाई आठवा. स्पर्धेची तयारी करताना अर्धपोटी पळणाऱ्या पोलीस भरतीच्या मुलीही यातच येतात. ताण, झोप नसणं, घरातली मारहाण हेही त्याच संदेशावर घाला घालतात.

जंतुसंसर्गाबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. उसाच्या फडावर कोपीला ना मोरी असते ना संडास. अंधारात उरकायचं, दिवसभर कापड बदलायला आडोसा नाही, धुतलेलं कापड उन्हात टाकायला लाज. यातून खाज आणि जळजळ सुरू होते. लैंगिक संबंधातून येणारा संसर्ग वेगळा. तो गर्भाशयापर्यंत चढला तर ओटीपोट दुखतं, वास येणारं पाणी जातं, संबंधानंतर किंवा मध्येच डाग दिसतात. त्यावर गोळ्यांचा कोर्स आहे, आणि तो नवऱ्यानेही घ्यावा लागतो. नवरा घेत नाही म्हणून आजार परत येतो, आणि परत आला म्हणून पिशवी काढायला सांगतात. ही साखळी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. अंगावरून पांढरं जाणं एवढ्याच तक्रारीवर गर्भाशय काढल्याची उदाहरणंही कमी नाहीत. थोडं, वास नसलेलं, महिन्याच्या मधल्या दिवसांत चिकट होणारं पांढरं पाणी जाणं हा आजारच नाही.

पस्तिशीनंतर गर्भाशयातल्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, बऱ्याच बायकांना असतात. लहान गाठ काही त्रास देत नसेल तर नुसती लक्षात ठेवायची. अस्तरात वाढलेला छोटा मोड, म्हणजे पॉलिप, मधल्या डागांचं कारण असू शकतो. तो तेवढाच काढता येतो. अस्तर स्नायूत शिरलं तर पाळीत खूप दुखतं आणि खूप जातं. चाळिशी-पंचेचाळिशीत पाळी जायच्या आधी काही वर्षं ती आपोआपच अनियमित होते.

आणि कॅन्सर. तो असतो, आणि लपवून उपयोग नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर वारंवार रक्त आलं, तर गर्भाशयाचं तोंड आणि अस्तर तपासलंच पाहिजे. पण कॅन्सरचं निदान सोनोग्राफीच्या एका कागदावर होत नाही. त्यासाठी तुकडा काढून तपासावा लागतो. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य यंत्रणेत मोफत आहे. व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी पाहतात, त्यात दुखत नाही.

जगभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या संघटनेने २०११ साली अवेळी रक्तस्रावाच्या कारणांची जी मांडणी केली, तिच्यात नऊ गट आहेत. त्यातले चार गट डोळ्यांना किंवा सोनोग्राफीत दिसणाऱ्या बिघाडांचे आहेत. उरलेल्या पाचांचं कारण रक्तात, संप्रेरकांत, औषधांत असतं. पिशवी बाहेर काढून टेबलावर ठेवली तरी ते तिच्यात दिसायचं नाही.

बीडमध्ये काय झालं

२०१९ साली बीडच्या बिनागर्भाशयाच्या बायकांची बातमी देशभर गाजली. त्यानंतर विधिमंडळात आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यापुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्याआधीच्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं, आणि कारण म्हणून निम्म्याहून अधिक बायकांनी पाळीचा जास्त रक्तस्राव किंवा दुखणं सांगितलं होतं.

शहरातले लोक यावर "अडाणीपणा" म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाच्या आधी घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची. एकाने सुट्टी घेतली तर खाडा, आणि खाड्याचा दंड दिवसाला ५०० रुपयांपर्यंत असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. ज्या बाईला महिन्यातले दहा दिवस रक्त जातं तिने हा हिशेब मनात मांडला, तर तिला ऑपरेशन स्वस्त वाटतं. ती चुकीचा हिशेब करत नाही. हिशेबातले आकडेच तिच्या विरोधात मांडलेले आहेत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. त्याला शंभर वर्षं होत आली, आणि फडातल्या बाईला पाळीत एक दिवस बसायचं तर दंड भरावा लागतो.

ऑपरेशननंतर काय होतं तेही हिशेबात धरायला हवं. गर्भाशयासोबत बीजकोषही काढले तर तिशीतल्या बाईला एका दिवसात पाळी गेल्याची अवस्था येते. अंगातून वाफा, झोप न लागणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं. बीजकोष ठेवले तरी पाळी जाण्याचे बदल काही वर्षं लवकर येऊ शकतात. आणि कंबर धरून पुन्हा मोळी उचलायचीच असते.

एक गोष्ट स्पष्ट करतो: हे ऑपरेशन नेहमीच चुकीचं असतं असं आम्ही म्हणत नाही. कॅन्सर, फार मोठ्या गाठी, कुठल्याच उपायाने न थांबणारं रक्त, बाळंतपणानंतरचा जीवघेणा रक्तस्राव, अशा वेळी ते जीव वाचवतं. आमचा आक्षेप पहिल्या पायरीवर शेवटचा उपाय सांगण्याला आहे. रक्त कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, संप्रेरक सोडणारी तांबी, फक्त मोड किंवा फक्त गाठ काढणं, एवढे उपाय मध्ये आहेत. शिवाय रक्तक्षय भरून काढायला लोहाच्या गोळ्या लागतात, त्या तर उपकेंद्रातच मिळतात.

सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असं सांगितलं. त्यात जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्याची समिती कधी बसते, तिच्यापुढे काय येतं, हे माहितीच्या अधिकारात विचारणं हे कार्यकर्त्यांचं काम आहे. निवेदनं देण्यात आपण तरबेज आहोतच, त्यात एक याचंही असू द्या.

दवाखान्यात जाताना

सोबत जाणाऱ्या माणसाने, मग ती जाऊबाई असो की भाऊ, हे विचारावं: नेमकं कारण काय आहे आणि ते कशावरून ठरलं? थायरॉईड, हिमोग्लोबिन, गर्भ, हे तपासलं का? औषधाने किती दिवस बघता येईल? ऑपरेशन करणारच असाल तर बीजकोष ठेवणार का? रिपोर्ट हातात घ्यावेत आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवावेत. केजचं उपजिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथली रांग मोठी असते, कधी कधी बोलणंही कडक असतं, पण तिथल्या डॉक्टरला तुमचं गर्भाशय काढण्यात पैसा मिळत नाही.

रिपोर्टमधले काही शब्द उगाच घाबरवतात. 'बल्की युटेरस' म्हणजे आकाराने थोडी मोठी पिशवी, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईत ती तशी असतेच. बीजकोषावरची छोटी पाण्याची गाठ बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. "तोंडाला जखम आहे" असं म्हणतात ती कित्येकदा जखम नसते, आतली नाजूक त्वचा बाहेर आलेली असते. तपासणी करून घ्यावी, पण तो कॅन्सर नव्हे.

मात्र तासातासाला पॅड किंवा कापड भिजत असेल, चक्कर येत असेल, गरोदरपणात रक्त दिसलं, पाळी चुकून पोटात असह्य दुखू लागलं, तर प्रश्न विचारत बसू नका. १०८ ला फोन लावा.

आणि दिनदर्शिकेवर खूण करा. पाळी सुरू झाली त्या दिवशी एक गोल, डाग दिसला त्या दिवशी एक टिंब. तीन महिन्यांचा असा कागद डॉक्टरसमोर ठेवला तर "कधीकधी जातं, जास्त जातं" यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पाळीचा विषय आपला नाही असं समजणाऱ्या तरुण पोरांनी निदान घरातलं कॅलेंडर आईच्या, बहिणीच्या हाताला येईल अशा उंचीवर लावावं.

त्या ताईंनी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. सरकारी दवाखान्यात दाखवलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. दुसरं इंजेक्शन घ्यायचं की साधन बदलायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं, इंजेक्शनच घेतलं. हंगाम संपवून भीमजयंतीला गावी आल्या तेव्हा पाळी जवळपास बंद झाली होती, आणि आता त्यांना वेगळीच काळजी लागली होती. "रक्त बाहेर येत नाही म्हणजे आत साठत असेल ना?" आम्ही सिस्टरांना बैठकीला बोलावलं. त्यांनी सांगितलं, या इंजेक्शनमुळे अस्तरच जाड होत नाही. जे तयारच होत नाही ते साठणार कुठून? इंजेक्शन बंद केल्यावर काही महिन्यांत पाळी परत येते. ताईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग शेजारी बसलेल्या पुतणीला म्हणाल्या, "तू पण विचार की, तुझं काय चाललंय ते."